सासूच्या हातची मशक

मीठ आणायला तांडा वाळवंटापलीकडं बिल्म्याला निघायचा म्हटला, की तबेलोत गावचे पुरुष उंट मोजत बसत आणि बायका अझाराच्या चटयांच्या खोपटापुढे येऊन बसत. उंट मोजले काय आणि न मोजले काय, तेवढेच असायचे. खरं काम बांधाबांधीचं, आणि बांधाबांधीत अझाराचा हात धरील असं साऱ्या डोंगरात कोणी नाही, असं गाव म्हणे. अझाराही तेच म्हणे, आणि गावापेक्षा जरा मोठ्यानं म्हणे.

"काय न्यायचं ते कोणीही सांगेल," ती सांगायची. "काय न्यायचं नाही ते मला विचारा."

मग प्रत्येकीच्या नवऱ्याचं, मुलाचं बोचकं तिच्यापुढे सोडलं जायचं. दोन पायजमे? एक ठेव घरी, वाळवंटात कोण बघतंय. चांगला निळा फेटा वर कशाला? तो चटईच्या गुंडाळीत आत घाल, बिल्म्याच्या वेशीवर बांधायचा असतो. वाटेत जुनाच, विटका. घोंगडी मात्र दोन. दिवसा भाजून निघणारा माणूस पहाटे दातावर दात आपटतो हे घरी बसलेल्यांना पटत नाही. दाभण फेट्याच्या घडीत, बोचक्यात नाही. उंटाचं खोगीर उसवतं तेव्हा बोचकं नेमकं दुसऱ्याच उंटावर असतं. बाजरी, खजूर आणि चीज एकत्र कुटलेलं पीठ हाताशी, कारण तांडा दिवसभर थांबत नाही. पाण्यात कालवायचं आणि चालता चालता प्यायचं. आणि सगळ्यांवर, सगळ्यांच्या आधी, गवताचे भारे. तेनेरेत, म्हणजे मधल्या त्या वाळवंटात, काडी उगवत नाही. जाताना ठरल्या ठिकाणी भारे टाकत जायचं आणि येताना तेच उंटांना घालायचे. दुसऱ्याचा भारा कोणी सोडत नाही. सोडला तर तो मनुष्य परत गावात तोंड दाखवत नाही, आणि दाखवलं तरी कोणी बघत नाही.

अझारा स्वतः तेनेरेत कधी गेली नव्हती. बायका जात नाहीत. तरी हे उंटावरून शेळ्या हाकणं नव्हतं. तांडा परतला, की तिच्या घरचं प्रत्येक बोचकं ती स्वतः सोडायची, आणि ज्या गाठीला हात लागला नाही, जो जोडा एकाच बाजूनं झिजला, जी दोरी कुजली, ते सगळं ध्यानात ठेवायची. चाळीस वर्षं तिनं वाळवंट असं घरबसल्या वाचलं होतं. तिचा नवरा हयात असता तर त्यानं हे कबूल केलं असतं. तो वाळवंटात मेला नाही. मीठ विकायला दक्षिणेकडे कानो शहरी गेला होता, तिथं तापानं गेला. "पाण्यानं मेला," अझारा म्हणायची. "तिकडचं पाणी वाईट. तेनेरेत पाण्याविना जन्म काढला, काही झालं नाही त्याला."

मागे राहिली एक मुलगी, तमूमत. सात वर्षांपूर्वी तिचं लग्न अखमूदशी झालं आणि रीतीप्रमाणे तो सासुरवाडीच्या वाडीत राहायला आला. उंच, शांत मुलगा. आणि रीतीचा पक्का. आमच्याकडे जावई सासूच्या समोर जेवत नाही, तिच्याशी बोलत नाही, ती दिसली की फेट्याचा पदर डोळ्यांपर्यंत चढवतो आणि वाट सोडतो. काही जावई वर्षा-दोन वर्षांत सैल होतात. अखमूद सात वर्षांत सूतभर सैल झाला नव्हता. अझारालाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट शेजारणींना सांगायची, "माझ्या जावयाचं नाक कसं आहे, मला ठाऊक नाही. असा जावई मिळायला नशीब लागतं."

निरोप द्यायचा तर तिचा आतेभाऊ होता, बाझो. तांड्याचा म्होरक्या. आते-मामे भावंडांना आमच्यात एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा असते, आणि बाझो ती मुभा झोपेतही सोडत नसे. बाझो नसला तर लेकी बोले सुने लागे या न्यायानं ती शेळीशी बोलायची. "ऐकलंस का गं, सरपण संपलंय," असं शेळीला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मोळी दारात पडलेली असे.

पण अझाराचं खरं नाव होतं ते पाण्याच्या मशकींसाठी. बकऱ्याचं अखंड कातडं बाभळीच्या शेंगांत कमवायचं, लोण्यानं मळायचं, पायांच्या नि मागल्या बाजूच्या तोंडांना वादीनं शिवायचं. चांगल्या मशकीला घाम येतो. आला पाहिजे, त्यानंच पाणी गार राहतं. पण घाम वेगळा आणि थेंब वेगळा. अझाराच्या शिवणीतून थेंब पडला असं कोणी ऐकलं नव्हतं. ओढ्याच्या कोरड्या पात्रापलीकडे, वरच्या वाडीत, हालिमा नावाची बाई मशकी शिवायची. त्याही बऱ्या असत. अझारा तीस वर्षं त्यांना चाळण्या म्हणत आली होती, आणि हालिमाच्या तोंडावर म्हणत आली होती.

दोन वर्षांपूर्वी अझाराचे डोळे जायला लागले. आधी वादीचं टोक भोकात जाईना. तेव्हा ती म्हणाली, आरी बोथट झाली. मग म्हणाली, यंदाच्या बकऱ्यांचं कातडंच वाईट, दुष्काळानंतर जनावरात दम राहिला नाही. मग उजेड वाईट झाला. ती बोटांनी चाचपून शिवत राहिली आणि कोणी काही बोललं नाही. मोठ्या बाईला तिच्या उणिवेवर बोट ठेवून दाखवणं याहून निर्लज्ज गोष्ट आमच्यात नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणजे कोणीच न ठरवता ठरलं.

आणि तिला तरी शंका का यावी? गेल्या वर्षी अखमूद तिनं शिवलेली नवी मशक घेऊन गेला. परत आला तेव्हा मशक नव्हती. बाझोकरवी निरोप आला: बिल्म्यातल्या माणसांना ती इतकी आवडली, की त्यांनी मागूनच घेतली, नाही म्हणता येईना. अझारानं ही गोष्ट वर्षभरात निदान शंभरदा सांगितली. हालिमाला ऐकू जाईल अशा ठिकाणी ती जरा जास्त वेळा सांगितली. जावई हाडकून परत आला होता, पण तांड्यातून कोण गुबगुबीत होऊन येतं?

यंदाही तिनं त्याच्यासाठी मशक शिवली. निघायच्या आदल्या दिवशीची पहाट ही मशकी तपासायची पहाट. संध्याकाळी मशक काठोकाठ भरून बाभळीच्या फांदीला टांगायची, खाली बारीक वाळू हातानं सारखी करायची, आणि उजाडलं की वाळू बघायची. कोरडी असेल तर मशक जाईल. ओली असेल तर उसवायची.

अझारा झाडाखाली आली तेव्हा तमूमत तिथं आधीच उभी होती.

"कोरडी आहे, आई," ती म्हणाली.

"मी बघितल्याशिवाय?"

"बघ की. कोरडी ठणठणीत."

अझारा वाकली. वाळू तिला पिवळट, एकसारखी दिसली. तिनं तळवा फिरवला. कोरडी. समाधानानं ती उकिडवी बसली, मशकीला खालून थोपटलं, लोणी बरं मुरलंय की नाही ते पाहिलं. मग उठताना गुडघ्यानं दगा दिला म्हणून तिनं जमिनीवर हात टेकला, सगळा भार टाकून. बोटं वाळूत दोन पेरं आत गेली आणि तिथं वाळू गार होती. नुसती गार नाही. मुठीत घेतली तर तिचा लाडू झाला.

ती तशीच बसून राहिली. वर फांदीवरून, मागच्या डाव्या पायाच्या शिवणीतून, एक थेंब अझाराच्या मनगटावर पडला.

"वरून वाळू कोणी घातली?"

"आई..."

"कोणी घातली म्हणते मी."

"मी."

"कोणी सांगितलं?"

तमूमतनं खाली बघितलं. नवऱ्याचं नाव तीही आईपुढे घेत नसे. "त्यांनी. म्हणाले, आईच्या हातचं नाकारायचं नाही. सांभाळून घेईन म्हणाले."

"सांभाळून? तेनेरेत? सहा दिवस विहीर नाही आणि हा काय सांभाळणार, थेंब?" अझाराचा आवाज चढला आणि लगेच उतरला. तिला दुसरंच काहीतरी सुचलं होतं. "बाझोला बोलाव. असेल तसा ये म्हणावं."

बाझो दोरीची भेंडोळी खांद्यावर घेऊन आला आणि दुरूनच सुरू झाला. "काय गं म्हातारे, माझ्यासोबत बिल्म्याला यायचं ठरवलंस? बस उंटावर, गवताच्या भाऱ्याऐवजी तुला टाकू वाटेत. उंट मात्र खायचे नाहीत, कडू लागशील."

"गेल्या वर्षी माझी मशक कुठं गेली?"

"सांगितलं नव्हतं का? बिल्म्यात..."

"बाझो."

बाझोनं भेंडोळी खाली ठेवली. थट्टेची मुभा असलेल्या माणसाला थट्टा सुचेना, की त्याचं तोंड फार उघडं पडतं. त्यानं पदर जरा वर घेतला.

"विहीर सुटल्यावर दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली," तो म्हणाला. "तुझ्या जावयानं ती वाळूत पुरली. कोणाच्या नजरेला पडायला नको म्हणून."

"आणि पाणी?"

"त्याची दुसरी मशक अर्धी होती. ती पुरवत बसला. आमच्याकडे मागितलं नाही. मागितलं असतं तर आम्ही विचारलं असतं ना, तुझं कुठं गेलं."

"आणि तुला दिसलं नाही? म्होरक्या ना तू?"

"तो बोलेना झाला तेव्हाही कळलं नाही मला. म्हटलं, हा असाही कमीच बोलतो. उंटामागं चालता चालता कोसळला तेव्हा कळलं. मग पाजलं त्याला. त्यानं पहिल्यांदा काय सांगितलं ठाऊक आहे? घरी सांगू नका, म्हणाला."

"किती दिवस असा होता?"

"ते त्यानं मलाही सांगितलं नाही."

अझाराला शरम वाटली, आणि शरमेहून जास्त राग आला. जावयाचा, बाझोचा, मुलीचा, साऱ्या गावाचा. तिच्या नावाला जपता जपता यांनी एका जिवंत माणसाला उन्हात ठेवलं होतं, आणि ती वर्षभर त्याची शेखी मिरवत होती. राग निवळायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तांडा निघणार होता. नवं कातडं कमवायला महिना लागतो आणि टाका पुन्हा घातला तरी तो याच डोळ्यांनी घातला जाणार. मुलीला तिनं ही कला शिकवलीच नव्हती. घाई काय आहे, असं म्हणत राहिली होती.

तिनं पायात जोडे घातले आणि ओढ्याच्या पात्रात उतरली.

हालिमा दारात बाजरी कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "कोण, अझारा? वाट चुकलीस की काय?"

"मशक हवी."

"कोणाला?"

"तांड्याला."

"तांड्याला तर तुझी जाते. बिल्म्यातले लोक हातातून ओढून घेतात म्हणे."

"ती वाळूत पुरलेली आहे, दोन विहिरींच्या मधे," अझारा म्हणाली. "चाळण झाली होती तिची. आता हसायचं तेवढं हसून घे आणि मग मशक दे. मला वेळ नाही."

हालिमा हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं अझाराला वाटलं. मुसळ बाजूला टेकवून हालिमा म्हणाली, "डोळे?"

"डोळे." हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडला.

"दोन्ही?"

"उजेडात बरं दिसतं." हे अर्धंच खरं होतं.

हालिमा आत गेली आणि एक नवी, गडद तपकिरी मशक घेऊन आली. "थोरल्यासाठी केली होती. तो नेईल जुनी. परवाच टांगून बघितलीय."

अझारानं ती मांडीवर घेतली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला; एकदा वरून खाली, एकदा खालून वर. "वादी जरा जाड घेतलीस."

"देऊ की नको?"

"टाका बरा आहे."

"तीस वर्षं लागली तुला," हालिमा म्हणाली आणि पुन्हा कांडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "चहा पिऊन जा."

"तांडा जाऊ दे. मग येते."

दुसऱ्या दिवशी ऊन डोंगरावर आलं तेव्हा ओढ्याच्या पात्रात दीडशे उंट बसवलेले होते आणि आपल्याला कापायला नेतात की काय अशा आवाजात ओरडत होते. प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना गवताचे भारे, वर मिठाच्या ढेपा गुंडाळायच्या चटया, दोऱ्या, कठवती, पिठाच्या पिशव्या. बायका टाळ्या वाजवून गात होत्या. अखमूदचा उंट मधल्या रांगेत होता. त्याच्या डाव्या अंगाला, जुन्या मशकीच्या शेजारी, अझाराची नवी मशक भरून टांगलेली होती. तमूमतनं ती आदल्या दिवशी लपवून ठेवली होती. त्यानं शोधून काढली होती.

अझारानं बाझोजवळ हालिमाची मशक दिली. बाझो गेला आणि तशीच घेऊन परत आला.

"घेत नाही."

"मी पाठवलीय म्हणावं."

"म्हटलं. तो म्हणतो, सासूबाईंचं मन मोठं म्हणून पाठवली, पण माझ्याकडे त्यांच्या हातची आहे, मला दुसरीची गरज नाही. तुझा जावई आहे बाई. उंट वळवता येतो, हा वळत नाही."

आता यात अखमूदचंही चुकत नव्हतं. सगळं गाव समोर उभं. वरच्या वाडीची मशक त्यानं उंटाला बांधली असती, तर सासूची मशक गळते अशी दवंडी पिटल्यासारखंच झालं असतं. त्याच्या लेखी सहा दिवसांची तहान त्याहून हलकी होती.

अझारा रांगेत शिरली. गाणं म्हणणाऱ्या बायका एकेक करून थांबल्या. सासू येताना बघून अखमूदनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला, पाठ फिरवली आणि उंटाच्या मानेपलीकडे बघत उभा राहिला. अझारानं हातानं चाचपत स्वतःची मशक शोधली आणि सोडवली. पाणी वाया घालवणारी बाई ती नव्हती. तिनं तमूमतला हाक मारून मोठं पातेलं आणवलं, मशकीचं तोंड सोडलं आणि सगळं पाणी त्यात ओतलं. मग बाझोच्या कमरेची सुरी मागून घेतली आणि मशक गळ्यापासून शेपटापर्यंत उभी फाडली.

"गळते ही," ती म्हणाली. रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षीचीही गळत होती. माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. आता सगळ्यांना ठाऊक आहे, आता कोणी झाकायचं नाही."

उंट ओरडत राहिले. अखमूद हलला नाही. मग त्यानं न वळता हात मागे केला, बाझोकडून हालिमाची मशक घेतली आणि उंटाच्या डाव्या अंगाला दुहेरी गाठीनं बांधली.

रीतीप्रमाणे अझारानं आता परत फिरायला हवं होतं. ती फिरली नाही. मधे बाझो उभा होता, शेजारी उंट होता, यातल्या कोणाशीही बोलून काम भागलं असतं. ती सरळ जावयाच्या पाठीशी बोलली. सात वर्षांत पहिल्यांदाच.

"गेल्या वर्षी किती दिवस पाण्याविना काढलेस, बाळा?"

तमूमतनं तोंडावर हात ठेवला. अखमूदची मान खाली गेली. सासूला उत्तर देणं त्याच्यानं होणार नव्हतं, आणि तिला उत्तर न देणंही होणार नव्हतं. बऱ्याच वेळानं त्याचा उजवा हात अंगरख्याच्या बाहीतून मागे आला. दोन बोटं वर झाली. तशीच राहिली. मग तिसरं उठलं.

अझाराला नुसता हात दिसला, बोटं दिसली नाहीत. ती एक पाऊल पुढे झाली, सगळ्या गावादेखत तिनं त्याचा हात हातात घेतला आणि बोटं चाचपून मोजली. तीन होती.